ॲपआधी कागद

सोसायटीच्या हिशेबाचं ॲप करायचं चाललंय. नुसती यादी वाचली की सगळे "बरं आहे" म्हणतात. चूक कळते पैसे दिल्यावर. म्हणून आधी प्रत्येक स्क्रीन कागदावर काढू. १९९६ साली पामपायलट हे खिशातलं यंत्र आलं. त्याआधी जेफ हॉकिन्स लाकडाचा ठोकळा खिशात घेऊन फिरले, तेच यंत्र समजून वापरून बघितलं. काय हवं, काय नको, त्यातनंच ठरलं.

आपणही कागदावर बोट ठेवून बघू. ओल्या हाताला बटण लहान पडतंय का? रोहू, कटल्याचं वजन वेगळं लिहायला जागा आहे का? कपात किती, हातात किती, लगेच दिसतं का? रेंज नसली तर नोंद कुठं राहणार? घरच्या बायकांनीही बघावं. अडलं तिथं खूण करा. कागदावरची चूक खोडरबरानं जाते, तयार ॲपमधली पैसे मागते.