दुर्दैवाचा दाखला : विसाव्या शतकाच्या आरंभीचा इंग्लंडमधील लहान दुकानदार आणि नादारीची कार्यवाही

१

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील इंग्रजी कादंबरीत लहान दुकानदार वारंवार भेटतो. कापडाचे, चिनी मातीच्या भांड्यांचे किंवा किराणा मालाचे दुकान, मागे अथवा माडीवर राहते घर, गल्ल्यातील पैशांवर चालणारा संसार आणि या साऱ्यावर दिवाळ्याची छाया, असे त्याचे चित्र असते. या कादंबऱ्यांचे अध्यापन करताना आपण विनोदाविषयी आणि सामाजिक वास्तवाविषयी बोलतो. पण ही छाया म्हणजे नेमकी कोणती कार्यवाही होती, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात त्या कार्यवाहीचे स्वरूप स्पष्ट करावयाचे असून तिच्यातील एका मूलभूत विसंगतीचा निर्देश करावयाचा आहे. ऋणकोच्या आपत्तीमागे दुर्दैव होते की दोष, याचा निवाडा कायद्याला करावयाचा होता. परंतु हा निवाडा बव्हंशी हिशेबवह्यांवर अवलंबून होता आणि लहान दुकानदाराच्या जीवनपद्धतीत अशा वह्यांना फारसे स्थान नव्हते. स्कॉटलंडची कायदेव्यवस्था स्वतंत्र असल्याने हे विवेचन इंग्लंड व वेल्सपुरते मर्यादित आहे.

२

इंग्लंडमध्ये १८६१ पर्यंत ‘बँक्रप्ट’ ही संज्ञा कायद्याने केवळ व्यापाऱ्याला लागू होती. व्यापार जोखमीचा असतो. तेव्हा प्रामाणिक व्यापाऱ्याने सर्वस्व धनकोंच्या स्वाधीन केल्यास त्याला नव्याने आरंभ करू द्यावा, अशी त्यामागील भूमिका होती. १८६१ च्या कायद्याने ही सोय इतरांनाही खुली झाली. १८६९ च्या ऋणकोविषयक कायद्याने कर्जासाठी तुरुंगवास सामान्यतः बंद केला. मात्र ऐपत असूनही हप्ता न भरणाऱ्यास सहा आठवड्यांपर्यंत कैदेत टाकण्याचा अधिकार कौंटी न्यायालयांकडे राहिला, आणि त्याची झळ मुख्यतः कामगारवर्गाला लागली. लहान दुकानदार या दोन व्यवस्थांच्या सीमेवर उभा होता. त्याची मिळकत कुशल कामगाराएवढीच असे. पण कायद्याच्या दृष्टीने तो व्यापारी होता.

आपल्या कालखंडाला लागू असलेली चौकट जोसेफ चेंबरलेन यांनी व्यापारमंडळाचे अध्यक्ष असताना संमत करून घेतलेल्या १८८३ च्या कायद्याने घातली. १८९० मध्ये ती अधिक कडक झाली आणि १९१४ च्या कायद्याने एकत्रित करण्यात आली. या १९१४ च्या कायद्याचा अंमल १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत होता. चेंबरलेन यांच्या सुधारणेचा गाभा असा की, नादारी ही केवळ ऋणको-धनकोंमधील खाजगी बाब न राहता सार्वजनिक चौकशीचा विषय झाली. त्यासाठी व्यापारमंडळाच्या अखत्यारीत ‘ऑफिशियल रिसीव्हर’ हा नवा अधिकारी नेमण्यात आला.

३

कार्यवाहीचा क्रम पाहण्यासारखा आहे. घाऊक व्यापारी दुकानदाराविरुद्ध न्यायालयातून निवाडा मिळवी आणि त्याच्या आधारे नादारीची नोटीस बजावी. ठरलेल्या मुदतीत रक्कम न भरल्यास ते ‘नादारीचे कृत्य’ ठरे. किमान ५० पौंडांचे येणे असलेल्या धनकोला मग अर्ज करता येई. ऋणकोला स्वतःहूनही अर्ज करण्याची मुभा होती. अर्ज मान्य झाला की न्यायालय ‘रिसीव्हिंग ऑर्डर’ काढी. या आदेशाने दुकानदार नादार ठरत नसे. पण त्याची मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात जाई आणि त्याचे नाव, धंदा व पत्ता ‘लंडन गॅझेट’मध्ये प्रसिद्ध होई. शेजारीपाजारी उधारीवर चालणाऱ्या धंद्यात या प्रसिद्धीनंतर परतीची वाट फारशी उरत नसे.

यानंतर काही दिवसांतच ऋणकोला शपथेवर येण्या-देण्याचे विवरणपत्र सादर करावे लागे. आपली अवस्था कशामुळे झाली, याची कारणेही त्याला सांगावी लागत. मंदी, बुडीत उधारी, अपुरे भांडवल, घरातील आजारपण अशा स्वरूपाची ही कारणे असत आणि त्यांवर रिसीव्हर आपला अभिप्राय नोंदवी. पुढे धनकोंची सभा भरे. संख्येने बहुसंख्य आणि रकमेने तीन-चतुर्थांश धनकोंनी मान्यता दिल्यास तडजोड होऊ शके. अन्यथा ऋणको नादार म्हणून घोषित होई. दरम्यान खुल्या न्यायालयात त्याची जाहीर तपासणी होई. त्याची उत्तरे लिहून घेतली जात, त्याला वाचून दाखविली जात आणि त्यांवर त्याची सही घेतली जाई. ती त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणूनही वापरता येत. लंडनमधील ही प्रकरणे कॅरी स्ट्रीटवरील न्यायालयात चालत. त्यामुळे त्या रस्त्याचे नाव बोलीभाषेत दिवाळ्याचा पर्याय होऊन बसले.

मालमत्ता ३०० पौंडांपेक्षा अधिक भरणार नाही असे दिसल्यास प्रकरण संक्षिप्त पद्धतीने चाले आणि रिसीव्हर हाच विश्वस्त होई. लहान दुकानदारांची प्रकरणे बहुधा याच वर्गात मोडत. ऋणकोकडे काय राही? धंद्याची हत्यारे, त्याचे व कुटुंबाचे आवश्यक कपडे आणि अंथरूण-पांघरूण, सर्व मिळून २० पौंडांपर्यंतचे. बाकीचे विकले जाई. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. देणे ३०० पौंड. शिल्लक माल चालत्या दुकानात १५० पौंडांचा, पण सक्तीच्या विक्रीत त्याचे आले ६० पौंड. त्यातून खर्च, स्थानिक कर, नोकराचा पगार अशी अग्रक्रमाची देणी ३० पौंड गेली, तर सामान्य धनकोंना पौंडामागे अवघे २ शिलिंग मिळतील.

४

या आकड्याला नैतिक अर्थ होता. १८९० च्या कायद्यानुसार मालमत्ता पौंडामागे १० शिलिंगांपेक्षा कमी भरली, तर ती परिस्थिती आपल्या दोषामुळे आली नाही हे ऋणकोला पटवून द्यावे लागे. नेहमीच्या हिशेबवह्या न ठेवणे, आपण बुडालो आहोत हे ठाऊक असूनही धंदा चालू ठेवणे, अविचारी सट्टा, उधळपट्टी हीही दोषस्थळे होती. यांपैकी काही सिद्ध झाल्यास मुक्तता नाकारली जाई, किमान दोन वर्षे लांबणीवर पडे किंवा तिला अटी जोडल्या जात. मुक्तता न झालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता २० पौंड वा अधिक उधारी घेणे हा गुन्हा होता. १९१४ मध्ये ही मर्यादा १० पौंडांवर आली. ज्याचा धंदाच उधारीच्या मालावर चालतो, त्याच्या दृष्टीने याचा अर्थ उघड आहे. नादाराला नगरपालिकेचे सदस्यत्वही वर्ज्य होते. ही अपात्रता दूर होण्याचा एक मार्ग असा : मुक्ततेसोबत, ‘नादारी गैरवर्तनामुळे नव्हे, तर दुर्दैवामुळे ओढवली’, असा न्यायालयाचा दाखला मिळविणे.

दुर्दैवाचा असा दाखला मागणाऱ्याजवळ पुरावा काय असणार? दुकान आणि घर यांची तिजोरी एकच असलेल्या माणसाकडे रोजकीर्द आणि खतावणी कोठून यावी? मुलांसाठी फडताळातून उचललेली साखर ही धंद्यातील तूट की घरखर्च, हा प्रश्न त्याला कधी पडलेला नसतो. ‘बुडालो हे केव्हा कळले?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तरही त्याच्यापाशी नसते. पुढचा हंगाम बरा जाईल, या आशेवर तो दुकान उघडत राहतो. वह्यांच्या अभावी ही आशाच दोष ठरते. रिसीव्हर निर्दय होता असे म्हणावयाचे कारण नाही. कायद्याने कल्पिलेला व्यापारी आणि समोर उभा असलेला दुकानदार या दोन भिन्न व्यक्ती होत्या, हे खरे कारण होय.

पत्नीची स्थिती अधिकच बिकट होती. १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने तिचे धन स्वतंत्र झाले. पण ते तिने पतीच्या धंद्यासाठी उसने दिले असल्यास इतर धनकोंचे देणे पूर्ण फिटेपर्यंत तिला काही मिळत नसे. तिने दुकानात घातलेले श्रम तर कोणत्याच रकान्यात येत नसत.

५

कादंबरीने नेमके हे रकान्याबाहेरचे जग टिपले. एच. जी. वेल्स यांच्या ‘द हिस्ट्री ऑफ मिस्टर पॉली’ (१९१०) मध्ये पंधरा वर्षे दुकान चालवून डबघाईस आलेला नायक आत्महत्येचा आणि दुकानाला आग लावण्याचा बेत करतो. विम्याचे पैसे तरी पत्नीला मिळतील, हा त्याचा हिशेब. आग लागते, तो मात्र वाचतो. आणि भस्मसात झालेल्या शेजारच्या दुकानदारांनाही हे संकट सुटकेसारखे वाटते. हा प्रसंग आपण प्रहसन म्हणून वाचतो. पण वर वर्णिलेली कार्यवाही ध्यानात घेतली म्हणजे दिसते की, विमा ही त्या वर्गाला चौकशीविना मिळणारी मुक्तता होती. वेल्स यांच्या वडिलांचे ब्रॉमली येथील भांड्यांचे दुकान कधीच नीट चालले नाही, हेही येथे स्मरणीय आहे. अर्नॉल्ड बेनेट यांच्या ‘अ‍ॅना ऑफ द फाइव्ह टाउन्स’ (१९०२) मध्ये दिवाळखोरीच्या काठावरील कारखानदार टायटस प्राइस गळफास घेतो. तगाद्याची पत्रे बापाच्या आज्ञेवरून अ‍ॅनाला लिहावी लागलेली असतात. कागदावरील येणे आणि माणसाचे मरण यांमधील अंतर बेनेट दाखवितात. ते मोजण्याची सोय विवरणपत्रात नव्हती.

६

हा विषय मराठी वाचकाला सर्वस्वी परका नाही. मुंबई, कलकत्ता व मद्रास या इलाखा-शहरांसाठी १९०९ मध्ये झालेला नादारीचा कायदा १८८३ च्या इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर बेतलेला होता. मोफसलासाठी १९२० चा प्रांतिक कायदा आला. मराठीत मात्र या स्थितीला दोन शब्द आहेत. ‘नादार’ म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो; शाळेत गरीब विद्यार्थ्याला मिळणाऱ्या फीमाफीलाही आपण ‘नादारी’ म्हणत आलो. ‘दिवाळखोर’ या शब्दात मात्र ठपका आहे. पहिला शब्द स्थिती सांगतो, दुसरा निवाडा देतो. इंग्रजी न्यायालय वह्यांच्या आधारे ज्या दोहोंत भेद करू पाहत होते, तो भेद आपल्या भाषेने असा जपलेला आहे. या काळातील कादंबऱ्यांचा अनुवाद वा अध्यापन करताना ‘बँक्रप्ट’साठी कोणता शब्द योजावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ पर्यायी शब्दाचा नाही, त्या दुकानदाराला दुर्दैवाचा दाखला द्यावयाचा की नाही, याचा निर्णय तेथे होत असतो.