धातूंतील अदृश्य चीर हुडकण्याची विद्युत्-रीति

मडकें विकत घेतांना तें वाजवून घ्यावें, हें कोणास सांगावें लागत नाहीं. गाडीचा लोखंडी आंस लोहारहि ठोकूनच पाहतो. परंतु केसासारखी चीर आवाजांत सहसा उतरत नाहीं, आणि धातूचा घात बहुधा तीच करते. तोच भार हजारों वेळां पडून उठला म्हणजे धातु शिणतो. भोंकाच्या कांठाशीं सूक्ष्म चीर पडते व ती हळूहळू पुढें सरकते.

ता. २८ एप्रिल १९८८ रोजीं हवाई बेटांत हिलोहून होनोलुलूस निघालेल्या बोइंग ७३७ विमानाचें सुमारें १८ फूट छत २४,००० फूट उंचीवर उडून गेलें. विमानांतील एक सेविका बाहेर ओढली जाऊन प्राणास मुकली. बाकीचीं ९४ माणसें वांचलीं. विमान १९ वर्षांचें असून त्याचीं सुमारें ९०,००० उड्डाणें झालीं होतीं. दर खेपेस आंत हवेचा दाब भरतो व ओसरतो. त्या ताणानें पत्र्यांच्या जोडावरील रिव्हेटांपाशीं चिरा पडल्या होत्या. चढतांना एका उतारूच्या दृष्टीस चीर पडलीहि होती, पण तिची वाच्यता झाली नाहीं.

अशी चीर दिसूं लागण्यापूर्वींच धरतां येते, ती पुढील रीतीनें. तांब्याच्या तारेच्या लहानशा वेटोळ्यांतून सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडून तें धातूजवळ नेलें असतां धातूंत, नदीच्या भोवऱ्यासारखे, वाटोळे प्रवाह उत्पन्न होतात. यांस आवर्त-प्रवाह म्हणतात. याचें मूळ तत्त्व फॅरडे यानें १८३१ सालीं शोधून काढलें. पाटांत दगड आडवा आला म्हणजे पाणी वळसा घेतें, तद्वत् चीर आडवी आली कीं या प्रवाहास वळसा पडतो. त्याचा परिणाम उलट वेटोळ्यावर होऊन यंत्राचा कांटा हालतो. पातळ रंग खरवडावा लागत नाहीं, ही मोठीच सोय होय. मात्र त्याच धातूच्या तुकड्यावर मापाची खांच पाडून यंत्र आधीं तिच्याशीं ताडून घ्यावें लागतें.

ही दृष्टि खोलवर जात नाहीं. सेकंदास १०,००० आंदोलनें असतां ॲल्युमिनियममध्यें तिचा जोर सुमारें एक मिलिमीटरपर्यंतच असतो. आंदोलनें शंभरपट कमी केलीं तर दसपट खोली मिळते, पण बारकावा जातो. शिवाय वेटोळें जेथें फिरवावें तेवढेंच कळतें. वरील विमानाच्या जातीसाठीं याच रीतीनें तपासणी करण्याचा सरकारी हुकूम १९८७ सालींच निघाला होता. परंतु बोइंगनें सुचविलेले सर्व जोड त्यांत घेतले नव्हते. चौकशीमंडळाच्या निष्कर्षाप्रमाणें छत फाटण्यास आरंभ झाला तो वगळलेल्या जोडापाशीं! विद्येचा येथें काय दोष?

आमच्या कामाचें लोखंड मात्र या रीतीस कांहींसें अवघड आहे. त्याच्या चुंबकत्वामुळें प्रवाह अगदीं वरच्या कातडीशींच राहतात व खोटे इषारेहि मिळतात. ट्रॅक्टरच्या हुकासाठीं रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वीं चालणारी रीति पुरते. भाग स्वच्छ करून रॉकेलांत भिजवावा, पूर्ण पुसून कोरडा करावा व त्यावर खडूचा पातळ लेप द्यावा. वरून उघडी चीर असल्यास आंत मुरलेलें तेल थोड्या वेळानें खडूवर काळसर रेघ काढतें. हें काम विस्तवापासून दूर करावें.