यादीत नसलेला संगणक

एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या लक्षात आलं, की आपल्या नेटवर्कमध्ये कोणीतरी घुसलंय. मंगळावर गाड्या उतरवणारी नासाची ही प्रयोगशाळा. घुसखोर जवळजवळ वर्षभर तिथे बिनबोभाट वावरत होता आणि २३ फायलींमधली सुमारे ५०० मेगाबाइट माहिती त्यानं लांबवली. त्याला वाट मिळाली ती एका रास्पबेरी पायमधून. तळहातावर मावणारा, शाळेतली मुलंही प्रोग्रॅमिंग शिकायला वापरतात तो संगणक! तो तिथे जोडायची परवानगीच नव्हती.

जून २०१९ मध्ये नासाच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला, आणि चोरीइतकीच त्यातली एक बारीक नोंद वाचण्यासारखी आहे. नेटवर्कवरच्या यंत्रांची यादी अपुरी होती. का? एका सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनं सांगितलं, की यादीत नोंद करायची सोय कधी कधी चालत नाही आणि नंतर ते राहूनच जातं. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत शोभावं असं उत्तर.

माणसांनी भरलेली यादी अशी मागे पडणारच. म्हणून अधूनमधून थेट नेटवर्कलाच विचारावं लागतं, की बाबा, आत्ता तुझ्यावर कोण कोण आहे?

विचारायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे पिंग. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम एका पत्त्यावर लहानसा संदेश पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये साधारण २५४ पत्ते वापरता येतात. सगळ्यांना साद घालायला काही सेकंद पुरतात. पण पिंगला उत्तर द्यायची सक्ती कोणावरच नाही. फायरवॉल लावलेला संगणक खुशाल गप्प बसतो, आणि आपण समजतो की तिथे कोणी नाही.

इथे त्याहून जुना, १९८२ चा एक नियम कामी येतो. त्याचं नाव एआरपी. एकाच जाळ्यातल्या दोन यंत्रांना बोलायचं तर नुसता आयपी पत्ता पुरत नाही. समोरच्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, लागतो. तो मिळवायला यंत्र सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारतं, ‘१९२.१६८.१.७ कोण आहे? तुझा मॅक सांग.’ ज्याचा तो पत्ता, त्याला बोलावंच लागतं. इथेही मौन धरलं तर त्याच्यापर्यंत काही पोचणारच नाही. पिंगला न बधणारी यंत्रं एआरपीत सापडतात ती यामुळे.

मॅक अ‍ॅड्रेस ४८ बिटांचा असतो आणि सहसा त्यातले पहिले २४ बिट उत्पादकाच्या नावावर नोंदलेले असतात. बी८-२७-ईबी अशी सुरुवात दिसली, की जाणकार ओळखतो: हा रास्पबेरी पाय. हिशेब विभागाच्या नेटवर्कवर तो काय करतोय, हा पुढचा प्रश्न.

एआरपीची हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. तिथे राउटर आणि स्विच यांच्याकडूनच माहिती मागवावी लागते. स्विचच्या तक्त्यात कुठला मॅक कुठल्या पोर्टवर आहे ते असतं, आणि यंत्र हुडकून काढताना खरा उपयोग याचाच होतो. तक्ता पोर्ट सांगतो. तिथून निघालेली वायर छतावरून कुठे गेलीय, हे मात्र शिडी लावूनच बघावं लागतं.

यंत्र सापडलं, की त्याची कुठली दारं उघडी आहेत हे बघायला एनमॅप नावाचा प्रोग्रॅम. गॉर्डन लायन यांनी तो १९९७ मध्ये खुला केला. सिनेमातलं हॅकिंग बहुधा बाष्कळ असतं, पण २००३ च्या ‘मॅट्रिक्स रीलोडेड’मध्ये ट्रिनिटी चक्क खरा एनमॅप चालवते. तो चालवताना तारतम्य हवं. कारखान्यातले जुने कंट्रोलर प्रश्नांच्या माऱ्यानं अडकून पडू शकतात. अशा ठिकाणी काही न विचारता नुसती वाहती रहदारी ऐकून नकाशा करतात. आणि दुसऱ्याच्या नेटवर्कवर परवानगीशिवाय हे उद्योग केले, तर कायद्याच्या कचाट्यात सापडायला वेळ लागत नाही.

स्वतःच्या घरी मात्र राउटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या यंत्रांची यादी जरूर उघडावी. टीव्ही, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर, असं बरंच निघतं. एखादं अनोळखी नाव दिसलं म्हणून लगेच धसका घेऊ नये. अलीकडचे फोन खरा मॅक लपवून बनावट मॅक देतात. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो बहुधा घरातलाच कोणाचा तरी फोन. तरी खात्री पटत नसेल, तर एकेका फोनचं वाय-फाय बंद करून यादीतलं कुठलं नाव जातं ते बघावं. सगळे बंद करूनही ते नाव राहिलं, तर वाय-फायचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.