पॅड घ्यायचाय? आधी वाजवायचं काय, ते ठरवा

हळदीच्या मांडवात बँजो पार्टी रंगात आली की तुमची नजर कुठे जाते? बँजोवाल्याकडे, नाचणाऱ्या मामांकडे, की बाजूला उभं राहून दोन काठ्यांनी एका काळ्या चौकोनी डब्यातून ढोलकी, ताशा, संबळ, टाळी असं सगळं काढणाऱ्या पोराकडे? तिसरं उत्तर असेल, तर पुढचं वाचा. कारण घरी आल्यावर तुम्ही यूट्यूबवर रिव्ह्यू बघत बसला असणार, हप्त्याचा हिशोब मांडला असणार आणि बाबांसमोर विषय कसा काढायचा याची रंगीत तालीमही झाली असणार.

नव्या, चांगल्या पॅडच्या किमतीत एखादी जुनी दुचाकी येते. त्यामुळे मित्राकडे आहे तोच आपणही घेऊ, हे इथे महागात पडतं. मित्राचं काम वेगळं असू शकतं ना!

गोंधळ नावापासूनच सुरू होतो. ऑक्टोपॅड हे खरं तर रोलँड या जपानी कंपनीच्या वाद्याचं नाव. ऑक्टा म्हणजे आठ. १९८५ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या ‘पॅड-८’मध्ये आठ चौकोन होते, पण स्वतःचा आवाज एकही नव्हता. मिडी केबलने तो दुसऱ्या यंत्राला जोडायचा, आवाज तिकडून यायचा. पुढे पॅडच्या पोटातच आवाज आले आणि ९०च्या दशकाच्या शेवटी आलेल्या ‘एसपीडी-२०’ने आपल्याकडचे ऑर्केस्ट्रे, बँजो पार्ट्या, भजनी मंडळं सगळं काबीज केलं. इतकं, की आता काठीने वाजणारा कुठलाही पॅड आपल्यासाठी ऑक्टोपॅडच. कुठल्याही कंपनीच्या मशीनवर काढली तरी ती झेरॉक्सच, तसं.

म्हणूनच दुकानात जाऊन नुसतं ‘ऑक्टोपॅड दाखवा’ म्हणालात, तर दोन अगदी वेगळ्या जातीच्या वस्तू समोर येऊ शकतात.

पहिली जात तयार आवाजांची. एसपीडी-२० मध्ये ७०० आवाज कंपनीने भरूनच दिलेले असतात. त्याच्यानंतरचे एसपीडी-३० किंवा एसपीडी-२० प्रो हेही याच घराण्यातले. बॉक्स उघडा, वायर लावा, वाजवा. दुसरी जात सॅम्पलरची. रोलँडचा ‘एसपीडी-एसएक्स’ (२०११) आणि त्याचा थोरला भाऊ ‘एसपीडी-एसएक्स प्रो’ (२०२२), अलेसिसचा ‘स्ट्राइक मल्टिपॅड’ हे या रांगेतले. यांचा खरा जोर तुम्ही स्वतः भरलेल्या आवाजांवर. रेकॉर्ड केलेला संबळ असो, आजीची ओवी असो, नाहीतर बँडच्या गाण्याचा अख्खा ट्रॅक, चौकोनाला जोडा आणि काठी मारा.

आता गंमत बघा. इन्स्टाग्रामवर भारी दिसतो म्हणून एखाद्याने सॅम्पलर घेतला आणि पुढच्याच आठवड्यात हळदीची सुपारी आली, तर देशी आवाज शोधण्यात आणि भरण्यात त्याच्या चार रात्री जाणार. उलट, कॉलेजच्या रॉक बँडसाठी तयार आवाजांचा पॅड घेतला आणि गायक म्हणाला, ‘मधला व्हायोलिनचा तुकडा तू सोड’, तर त्या ७०० आवाजांचा काही उपयोग नाही. माझं मत स्पष्ट आहे. ऑर्केस्ट्रा, बँजो, भजन, लग्नं हे काम असेल तर पहिल्या जातीचा घ्या. स्वतःची गाणी, फ्यूजन किंवा नाटकाचं पार्श्वसंगीत करायचं असेल तर सॅम्पलर. आठ चौकोन की नऊ की यामाहाच्या ‘डीटीएक्स-मल्टी १२’सारखे बारा, हा प्रश्न त्यानंतरचा. तसा हा बारावाला हातानेही वाजवता येतो, त्यामुळे तबला-ढोलकीवरून इकडे येणाऱ्यांनी एकदा नक्की बघावा.

सॅम्पलर घेणार असाल, तर आवाज भरायला शिकणं हाच अर्धा रियाज आहे. फोनवर रेकॉर्ड केलेला ताशा जशाच्या तसा पॅडवर टाकला की तो ‘उशिरा’ वाजतो. पॅड बिघडलेला नसतो. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ३०-४० मिलिसेकंदांची शांतता राहिलेली असते. कानाला ती वेगळी ऐकू येत नाही, पण हाताला लगेच कळते. ती कापायची. लूप करताना तर हिशोब पक्का हवा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि केरव्याचं ८ मात्रांचं आवर्तन बरोबर ४ सेकंदांचं. तुमचा लूप ४.०५ सेकंदांचा राहिला, तर २० आवर्तनांनंतर तुम्ही बाकीच्यांच्या पूर्ण दोन मात्रा मागे. मग सगळे तुमच्याकडे बघणार आणि तुम्ही पॅडकडे.

एकाच ठोक्याचे हळू, मध्यम, जोरात असे तीन आवाज रेकॉर्ड करता आले तर उत्तमच. नाहीतर काठी कशीही मारा, आवाज तोच, फक्त लहान-मोठा. तरीही काही गोष्टी पॅडवर येत नाहीत. ढोलकीच्या डाव्या तोंडावर तळवा दाबत वादक जी घुमार वर-खाली नेतो, ती एका ठोक्यात कशी बसणार? त्यामुळे ग्रुपमध्ये खरा ढोलकीवाला असेल, तर पॅडवर ढोलकी ठेवूच नका. त्याला जे जमत नाही ते पॅडला द्या. टाळ्यांचा गडगडाट, मोठा झांज, सिंथचा बेस. दोघंही खूश राहतात. आणि हो, दुसऱ्याच्या गाण्यातून उचललेला तुकडा भरून व्हिडीओ टाकलात, तर कॉपीराइटची नोटीस येऊ शकते. स्वतःचं रेकॉर्डिंग त्या बाबतीतही बरं.

घरी वाजवणाऱ्यांचा एक आवडता समज असतो, की हेडफोन लावला म्हणजे झालं. आवाज हेडफोनमध्ये जातो, पण काठीचा दणका स्टँडमधून फरशीत आणि फरशीतून खालच्या काकूंच्या डोक्यावर. पायाचा किक पेडल जोडला तर विचारूच नका. जुन्या योगा मॅटने थोडा फरक पडतो. त्याहून चांगला जुगाड म्हणजे दोन प्लायवुडच्या मध्ये टेनिस बॉल ठेवून केलेला पाट. जगभरचे फ्लॅटमध्ये राहणारे ड्रमर तो वापरतात. फक्त घरी वाजवायचा असेल तर महागड्या मॉडेलची गरज नसते. हेडफोनचा जॅक, फोनवरचं गाणं सोबत वाजवायची सोय आणि हळू ठोकाही पकडणारा रबर, एवढं मिळालं तरी वर्षभराचा रियाज निघतो.

स्टेजची गोष्ट वेगळी. तिथे पॅडला मागून किती आउटपुट आहेत ते बघा. बँडबरोबर ट्रॅक सोडणार असाल, तर क्लिक फक्त तुमच्या हेडफोनमध्ये आणि ट्रॅक बाहेर, असं वेगळं काढता यायला हवं. एसपीडी-एसएक्सवर ते जमतं. साउंडवाल्याकडे एकच चॅनल उरला असेल, तर केबल ‘एल/मोनो’ लिहिलेल्या भोकातच लावा. किट्स गाण्यांच्या क्रमाने आधीच लावून ठेवा, म्हणजे अंधारात बटणं चाचपडत बसावं लागत नाही. सॅम्पलर असेल तर पेनड्राइव्हवर सगळ्याचा बॅकअप हवाच.

आणि अडॅप्टर! रोलँडच्या बऱ्याच पॅडना ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, ज्याच्या पिनच्या मध्यभागी ऋण टोक असतं. बाजारातल्या पुष्कळ साध्या अडॅप्टरमध्ये ते नेमकं उलटं असतं. पिन बसते, म्हणून चालेल असं नाही. अडॅप्टरवर गोल आणि अधिक-उणेची छोटी आकृती छापलेली असते, ती पॅडवरच्या आकृतीशी जुळवून बघा. कार्यक्रमाला जाताना कंपनीचा एक जास्तीचा अडॅप्टर बॅगेत टाकलेला बरा.

बजेट कमी असेल तर सेकंडहँड घ्यायला काहीच हरकत नाही, विशेषतः जुन्या ऑक्टोपॅडच्या बाबतीत. फक्त बघायला जाताना स्वतःच्या काठ्या आणि हेडफोन न्या. विकणाऱ्याच्या स्पीकरवर सगळंच छान वाजतं. प्रत्येक चौकोनावर आधी अगदी हळू मारा, मध्ये आणि चारही कोपऱ्यांत. कुठे आवाजच येत नाही का? एका ठोक्याला दोनदा वाजतंय का? एकावर मारल्यावर शेजारचा बोलतोय का? यातलं काही सेटिंगमधून सुटतं. म्हणून तिथेच त्याला सेटिंग बदलून दाखवायला सांगा. नाही सुटलं, तर रबराखालचा सेन्सर थकलाय असं समजा आणि किंमत त्या हिशोबाने बोला. मग केबल लावून आउटपुटचा जॅक हलकेच हलवा. खरखर आली तर दुरुस्तीचा खर्चही धरा. पॅड पाच मिनिटं नाही, अर्धा तास चालू ठेवून वाजवा. विकणारा चहा घ्या म्हणाला तर घ्या, पण तोवर पॅड बंद करू देऊ नका.