आधी त्यांनाच विचारू या



धडगावच्या डोंगरपाड्यांत मानसिक आजारांसाठी आम्ही महिन्यातून एकदा तपासणी सुरू केली, तेव्हा वार, वेळ आणि जागा आम्हीच ठरवली. सुरुवातीला लोक आले, दिवाळीनंतर येईनासे झाले. ‘लोकांत जागृती नाही,’ असे मी अहवालात लिहून टाकले.

होळीला एक बहीण ऊसतोडीहून परतली. तिची झोप गेली होती, ती एकटीच बोलत बसे. महिन्याची औषधे घेऊन ती टोळीबरोबर गेली होती. फडावर ती संपली, आणि पुढची आणायची कुठून? चूक तिची नव्हती, आमच्या आखणीची होती.

मग आम्ही औषधे घेणारे पाच जण आणि घरी सांभाळ करणारे दोघे यांची समिती केली. बैठक त्यांच्याच बोलीत होते. त्या दिवशी बुडणारी रोजी आम्ही भरून देतो. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. तपासणी बाजाराच्या दिवशी ठेवा, म्हणजे गाडीभाडे एकदाच लागेल. दारावर ‘मनोरुग्ण’ अशी पाटी नको. ऊसतोडीला निघण्याआधी डॉक्टरांना विचारून जास्त दिवसांची औषधे आणि चिठ्ठी द्या. आणि बडव्याकडे गेलो म्हणून रागावू नका.

चौथी गोष्ट मला जड गेली. एक भाऊ म्हणाला, “ताई, तुम्ही रागावता म्हणून आम्ही लपवतो. मग गोळ्या बंद केल्या तरी तुम्हाला कळत नाही.” मी गप्प झाले. आता मी रागावत नाही, विचारते.

कोणते औषध द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. सेवा कशी चालवायची यात समितीचा शब्द असतो. ही आमची मेहेरबानी नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार राज्याच्या प्राधिकरणावर आजार अनुभवलेल्यांचे आणि काळजीवाहकांचे प्रतिनिधी असावे लागतात. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत, हे प्रौढ व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते.

बार्तीमय आंधळा आहे हे उघड दिसत होते. तरी काय हवे, हे प्रभूने त्यालाच विचारले. आपण मात्र न विचारताच मदत ठरवतो.

ती बहीण आता समितीत आहे. यंदाच्या दिवाळीआधी कोणाकोणाला जास्त औषधे लागतील, त्यांची यादी तीच करते आहे. समितीसाठी प्रार्थना करा. आणि तुमच्या मंडळीत असे कोणी असेल, तर मदत ठरवण्याआधी त्यांच्याजवळ बसा, विचारा.