आकड्यांमागचा माणूस

दुष्काळाची तीव्रता पर्जन्यमानाच्या आकड्यांवरून समजते. परंतु पाण्यावाचून गाव ओस कसे पडते, हे शहरी वाचकाला दाखविले ते व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ च्या ‘बनगरवाडी’ने. विदर्भातील शिकलेल्या शेतकरीपुत्राची घुसमट सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ने प्रकट केली, या कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला. अशा कृती वाचणारा वर्ग रोडावू लागला की समाजाची खरी हानी होते ती येथे. शेतीसंकटाची आकडेवारी मुखोद्गत असते, पण ते सोसणारा माणूस परका होतो. मग कर्जमाफीची चर्चा तिजोरीवरील बोजा आणि मतांची बेरीज यांपलीकडे जात नाही.

ही हानी बाजारभावात मोजता येत नाही. म्हणून तिची भरपाई बाजारावर सोपविणेही योग्य नव्हे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. तथापि अनुदानाने ग्रंथालयाचे कपाट भरते, वाचक घडतोच असे नाही. तो घडवायचा तर उतारे आणि प्रश्नोत्तरे यांत अडकलेले साहित्य शाळांनी संपूर्ण पुस्तकाच्या रूपाने मुलांच्या हाती दिले पाहिजे. शेजाऱ्याचे दुःख केवळ आकडेवारीतून ओळखणारा समाज त्यावर न्याय्य उपाय योजू शकेल काय?