पुरात भिजलेलं सीएनसी मशिन ‘चालू करून बघू’ म्हणताय? आधी हे वाचा

महाड : २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं. पूर ओसरला की फ्रीज असो वा पंखा, ‘चालतो का बघू’ म्हणत बटण दाबायचा मोह कुणालाही होतो. सीएनसी मशिनच्या बाबतीत तोच सगळ्यात महागात पडतो. पोलादपूरहून महाडकडे येणाऱ्या सावित्रीच्या काठी कुणाचं वर्कशॉप असेल, तर हे पावसाआधीच माहीत हवं.

बोर्ड नेमका कशाने जातो?

नुसत्या पाण्याने बोर्ड लगेच जळत नाही. ओला असताना वीज दिली की जळतो. पुराच्या पाण्यातल्या गाळातून आणि क्षारांतून करंट नको तिथे जातो आणि शॉर्ट होतो. वीज न दिलेला बोर्ड वाचण्याची शक्यता बरीच असते. मात्र गाळ वाळून गंज चढायच्या आत तो धुवावा लागतो.

म्हणून आधी मेन सप्लाय तोडा. लगेच हात घालू नका. सर्वो ड्राइव्हच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही मिनिटं जीवघेणा व्होल्टेज राहतो. चार्जचा दिवा विझला तरी मल्टिमीटरने मोजून बघा. मग जाणकाराकडून बोर्ड काढून घ्या. ते डिमिनरलाइज्ड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुतात, त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात आणि पूर्ण वाळवतात. सुरुवातीला फक्त २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय एकटा तपासायचा, मग एकेक कनेक्टर जोडत जायचं. सगळं एकदम जोडलं तर दोष कुठे आहे ते कळत नाही.

बोर्ड वाचला, मेमरी गेली तर?

खरी गोची इथे आहे. अनेक कंट्रोलरमध्ये मशिनचे पॅरामीटर बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. बॅटरी गेली की तेही जातात. नवा बोर्ड विकत मिळतो, पण तुमच्याच मशिनचं बॅकलॅश आणि रेफरन्स पॉइंटची सेटिंग त्यात नसते. मशिनसोबत आलेला पॅरामीटरचा कागद बहुतेक जण पॅनेलच्या दारातल्या खिशातच ठेवतात. म्हणजे मशिन बुडालं की कागदही बुडाला!

बॅकअप मेमरी कार्डवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या आणि घरी, वरच्या मजल्यावर ठेवा. बॅटरी पावसाळ्याआधी बदला, पण मॅन्युअल बघूनच. अनेक कंट्रोलरमध्ये ती कंट्रोल चालू ठेवूनच बदलावी लागते.